तार आणि तिचं आवरण

बॉनेट उघडण्याआधी काका त्यावर तळहात ठेवतात. डॅशबोर्डखालची मूठ ओढायला आत वाकण्यापूर्वी गाडीच्या नाकाशी उभं राहायचं, उजवा पंजा पत्र्यावर टेकवायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा आणि मग दाराकडे वळायचं, हा त्यांचा रविवारचा क्रम. मी इथे राहायला आले तेव्हा वाटलं, इंजिन गरम आहे का ते बघत असतील. पण गाडी आठवडाभर जागची हललेली नसायची. पुढे कळलं की या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे. उन्हात ते लवकर तापतं. जोरात आपटलं तर त्याला कायमची चुणी पडते. बंद करताना दोन्ही पंजे पसरून, वजन सारखं वाटून, दाबत दाबत बसवावं लागतं. हात ठेवण्याची सवय तिथूनच आली असावी. असावी म्हणते, कारण त्यांनी आपण होऊन कधी सांगितलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. काही सवयी नुसत्या बघत राहण्यातच बरं वाटतं.

ते आमचे शेजारी; घरात आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. वय ऐंशीच्या पुढे गेलंय, कान थोडे मंद झालेत, पण बोटं अजून अगदी तल्लख. कुंपणापलीकडे त्यांचं गॅरेज आहे आणि त्यात १९६७ सालची गडद हिरवी एमजीबी. दोनच माणसांची जागा, बसका बांधा, चाकांना तारांच्या आऱ्या, वर कापडी टप. दारातून आत शिरायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसायचं.

आम्ही राहतो ते अ‍ॅबिंग्डन हे थेम्सच्या काठावरचं जुनं गाव, ऑक्सफर्डच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर. एमजीचा कारखाना १९२९ मध्ये इथे आला आणि १९८० मध्ये बंद पडला. शेवटची अठरा वर्षं त्याने मुख्यतः हीच एमजीबी बनवली. टपाची आणि बंद अशा दोन्ही तऱ्हा धरून पाच लाखांहून अधिक. काका तरुण वयात तिथे जुळणीच्या रांगेवर होते. त्या रांगेला यंत्राने सरकणारा पट्टा नव्हता. गाडीचं एक काम झालं की माणसं ती हाताने ढकलत पुढच्या जागी नेत. मोटारींच्या कारखान्याचं माझ्या मनातलं चित्र चिंचवड-पिंपरीच्या बाजूचं होतं, भल्यामोठ्या शेडचं आणि आपोआप पुढे जाणाऱ्या सांगाड्यांचं. काकांनी हे सांगितल्यापासून रस्त्यात एखादी एमजीबी दिसली की मला तिच्या मागे टेकलेले हात दिसतात.

त्यांनी पहिल्यांदा बॉनेट उघडून दाखवलं, तेव्हा मी थोडी दचकले. आतलं इंजिन मला ओळखीचं वाटलं. त्याला कारण आहे. मोटार कारखान्यांच्या त्या काळच्या इंग्रजी संसारात बी-सीरीज नावाचं एक इंजिनकुळ होतं. एमजीबीत बसलं ते १७९८ सीसीचं. त्याच कुळातलं १४८९ सीसीचं इंजिन आधीच्या एमजीएमध्ये होतं, आणि तेच आपल्या अँबॅसडरमध्ये. अँबॅसडर म्हणजे मुळातली मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री, आमच्या घरापासून जवळच असलेल्या काउलीच्या कारखान्यातली. माझे मामा सातारला सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. खंबाटकीच्या घाटात गाडी तापली की ते कडेला घेत, बॉनेट वर करत, फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण लांबूनच सैल करत आणि वाफ जाईपर्यंत सगळ्यांना मागे उभं करत. घाटात तेव्हा दर वळणावर एक तरी बॉनेट उघडं असायचं. साहेब झाडाखाली, ड्रायव्हर इंजिनाशी आणि आम्ही पोरं मध्येच कुठेतरी. त्या लांबट झाकणाखालच्या रॉकरची टकटक मी सातव्या-आठव्या वर्षी ऐकली होती, आणि ती इथे, इतक्या वर्षांनी, एका खेळकर हिरव्या गाडीच्या पोटातून पुन्हा ऐकू आली. हे काकांना सांगितलं तेव्हा ते इंजिन बंद न करता बराच वेळ तसेच उभे राहिले. आपल्या हाताखालून गेलेल्या इंजिनाचे भाऊबंद सह्याद्रीचा घाट चढत होते, हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात ते बॉनेट उघडेना.

मूठ ओढली तर सहज बाहेर आली. नेहमीचा तो थोडासा अडसर, आणि मग पुढे ‘खट्’, यातलं काहीच नाही. काकूंनी नाकाशी उभं राहून पंजांनी बॉनेट खाली दाबलं आणि त्याच वेळी काकांनी मूठ ओढली. खटक्यावरचा ताण कमी झाला की पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. या वेळी झालं नाही. चुका शोधायची त्यांची पद्धत शांत आहे. ते आधी काय काय बिघडलेलं नाही ते ठरवत जातात. तार मुठीपाशी तुटलेली नव्हती. तुटली असती तर उरलेलं टोक पकडीत धरून ओढता आलं असतं. बॉनेटच्या कडा कुठे पत्र्याला चिकटलेल्या नव्हत्या. म्हणजे जे काही झालं होतं ते त्या बंद पत्र्याच्या आत, खटक्याजवळ.

गाडी मात्र सुरू होत होती. मी त्या रात्री फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “चालते ना? मग उघडायची कशाला?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर देताना मला या जुन्या गाड्यांचं मर्म थोडं कळलं. चालते, आणि तरीही तिला काही विचारता येत नाही. इंजिनात ऑइल किती आहे हे बघायची पट्टी आत. ब्रेकच्या ऑइलचा डबा आत. रेडिएटरचं पाणी आत. नवीन गाडी यातलं बरंच काही दिवे लावून आपण होऊन सांगते. साठ वर्षांपूर्वीची गाडी सांगत नाही. तिला दर आठवड्याला उघडून बघावं लागतं, आणि ती बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरलेलं असतं. मालक येईल, बॉनेट उचलेल, पट्टी पुसून पुन्हा बुडवेल, असा त्यांचा भरवसा होता. हल्ली बॉनेट उघडलं की खाली काळ्या प्लास्टिकचं आणखी एक झाकण भेटतं. ऑडीने १९९९ मध्ये काढलेल्या ए-टू या गाडीच्या बॉनेटला तर बिजागऱ्याच नव्हत्या. ऑइल आणि पाणी घालायला पुढे एक छोटी झडप, बाकीच्यासाठी गाडी वर्कशॉपमध्ये न्यायची. त्यामागे सोय आहे, स्वच्छता आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या वस्तूच्या आत काय चाललंय ते आपण आपल्या डोळ्यांनी बघू शकतो, या गोष्टीचा आनंद निराळा आहे, आणि तो काकांकडून हिरावला गेला होता. त्या आठवड्यात त्यांनी गाडी बाहेर काढली नाही. ऑइल न बघता चालवणं त्यांना गाडीशी उद्धटपणा केल्यासारखं वाटत होतं.

मी त्या दिवसांत बॉनेटच्या खटक्याचा बराच विचार केला. एवढीशी वस्तू, पण तिच्यावर दोन उलट जबाबदाऱ्या असतात. धावत्या गाडीत बॉनेट कधीच उघडता कामा नये, आणि उभ्या गाडीत ते नेहमी उघडलंच पाहिजे. एमजीबीच्या बॉनेटच्या बिजागऱ्या काचेच्या बाजूला आहेत आणि ते पुढून वर उचललं जातं. वेगात असताना वारा खाली शिरला तर ते उसळून थेट काचेवर येईल. म्हणून मुख्य खटक्याशिवाय आणखी एक आकडा ठेवलेला असतो. पहिला सुटला तरी दुसरा धरून ठेवतो, आणि तो फटीतून बोट घालून वेगळा सोडवावा लागतो.

कोव्हेंट्रीच्या ट्रायम्फवाल्यांनी टीआर-सिक्समध्ये उलट केलं. बिजागऱ्या पुढे, खटका मागे, काचेच्या पायथ्याशी. वारा कितीही आला तरी तो बॉनेट खालीच दाबणार. पहिली भीती जवळजवळ मिटली. पण तार दगा देते तेव्हा खटका इतका खोल आणि इतका अडचणीत असतो की त्याच्यापर्यंत पोचताना भल्याभल्यांना घाम फुटतो. टीआर-सिक्स बाळगणाऱ्यांपैकी कित्येक जण तार चांगली असतानाच शेजारी एक जादा तार टाकून ठेवतात. जग्वारची ई-टाइप १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. तिचं बॉनेट म्हणजे मडगार्डांसकट गाडीचा सबंध पुढचा भाग, पुढच्या बाजूला कलंडणारा. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना त्याची कुलपं बाहेर होती, टी आकाराच्या किल्लीने फिरवायची. नंतर ती आत गेली. लोकांना देखणेपण हवं असतं आणि बाहेरची कुलपं नजरेला खुपतात, हे मी समजू शकते. तरी माझा कल बाहेरच्या कुलपांकडे आहे.

मला सर्वांत निश्चिंत वाटतं ते ट्रायम्फ स्पिटफायरचं बॉनेट. ती गाडी ट्रायम्फ हेराल्डच्याच चासीवर, ती आखूड करून, उभी केलेली. हेराल्ड आपल्याकडेही होती, मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड. सातारला आमच्या डॉक्टरांकडे पिवळसर रंगाची एक होती. तिचंही बॉनेट स्पिटफायरसारखंच. दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकांच्या मागे, एकेक कडी. दोन्ही कड्या सोडायच्या आणि सगळं नाक पुढे कलंडवायचं. चाकं, स्टिअरिंगचे दांडे, इंजिन, सगळं उघड्यावर. डॉक्टर चाकावर बसून काम करत आणि आम्हा मुलांना पाना हातात द्यायला लावत. त्यात तार नव्हती, त्यामुळे तुटणंही नव्हतं. रस्त्यावरून जाणारा कुणीही ते बॉनेट उघडू शकला असता, पण डॉक्टरांच्या गाडीला कुणी हात लावत नसे. उघडं ठेवता येणं हे बऱ्याचदा गल्लीवर अवलंबून असतं.

शनिवारी सकाळी काकांनी कुंपणावरून हाक मारली. “तुझा हात बारीक आहे. थोडा वेळ देशील?”

त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. या गाडीच्या बॅटऱ्या पुढे नसतात. सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटच्या मागे फळीखाली. ही रचना आजवर मला विचित्र वाटायची, त्या दिवशी तिचं मोल कळलं. बॉनेट बंद असतानाही त्यांना बॅटऱ्या सोडवता आल्या होत्या. अंधारात लोखंडी सळई घालायची तर ती कशाला टेकेल सांगता येत नाही. गाडीचं नाक जॅकने उचललेलं होतं आणि दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड लावलेले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही, हे त्यांनी मला त्याआधी पुष्कळदा बजावलेलं होतं. त्या दिवशी पुन्हा बजावलं. मग स्टँडवरची गाडी स्वतः हलवून बघितली आणि जमिनीवर माझ्यासाठी जुना गालिचा अंथरला.

मी पाठीवर पडून आत सरकले. नाकावर जुन्या ऑइलचा, रबराचा आणि वाळलेल्या चिखलाचा वास. रेडिएटर आणि पुढची जाळी यांच्यामध्ये एक फट असते. खालून वर जायला तीच एक वाट. तिथे अंगठ्याचा सांधा अडला. लहानपणी श्रावणात दारी येणारा कासार बांगडी चढवताना हात कसा दाबून, अंगठा तळव्यात दुमडून, बोटं एकत्र गोळा करून घ्यायचा, तसा मी माझाच हात आवळला आणि तो आत गेला. मनगटापुढे मला काही दिसत नव्हतं. मग सगळं बोटांवर आलं. रेडिएटरच्या पातळ, गार, किंचित वाकलेल्या पाकळ्या. त्यात अडकलेलं एक वाळकं पान. वरच्या आडव्या पट्टीची धारदार कड, तिथे बोटं जपायची. पट्टीच्या खालच्या अंगाला एक गोल भोक, त्यातून आलेली बॉनेटची जाड खुंटी, आणि तिच्या खाचेत अडकलेली सरकती पट्टी. त्यावर वंगण होतं, सुकून घट्ट झालेलं.

काका वर उभे होते, डोळे मिटून. “पट्टी सापडली? आता ती तुझ्या डाव्या हाताला सरकव.” आणि लगेच थांबले. “नाही, तू खाली आहेस. तुझ्या उजव्या.” ते गाडीसमोर उभे, मी तिच्याखाली उताणी, त्यांचं डावं ते माझं उजवं. पन्नास वर्षांहून जुन्या आठवणीत ते गाडीपुढे उभे राहून खटका बसवत होते, आणि माझ्यासाठी ती आठवण त्यांना उलटी करून सांगावी लागत होती. ते प्रत्येक वाक्याआधी थोडं थांबत. मला त्या थांबण्यात त्यांचं मन काम करताना ऐकू येत होतं. एखादी जागा माहीत असणं वेगळं आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्या माणसाला ती सांगता येणं वेगळं. ते दुसरं त्यांना येत होतं. मला इतकं नेमकं मार्गदर्शन फार कमी वेळा मिळालंय.

बोटांनी पट्टी हलेना, तिची स्प्रिंग जोरकस होती. काकांनी जाळीच्या खालून टोक वाकवलेली एक सळई माझ्या हातात सरकवली. मी ती पट्टीच्या कडेला अडकवली. “आता मी दाबतो,” ते म्हणाले, आणि वरचा पत्रा दोन्ही पंजांखाली किंचित खाली गेल्याचं मला खुंटीवर ठेवलेल्या बोटाला कळलं. केसाएवढीच हालचाल, पण कळली. मी सळई ओढली. पट्टी सरकली, खुंटी सुटली, आणि बॉनेट बोटभर वर येऊन दुसऱ्या आकड्यावर थांबलं. काकांनी फटीत बोटं घालून तो आकडा काढला. माझ्या तोंडावर एकदम उजेड आला. वर इंजिनाच्या मागे त्यांचा चेहरा आणि आभाळ.

त्यांनी आधी ऑइलची पट्टी ओढून बघितली. ऑइल थोडंच कमी होतं. मग काय बिघडलं ते शोधलं.

तार धडधाकट होती. सुटलं होतं ते तिचं आवरण. सायकलच्या ब्रेकला असते तशी ही तार, बोडन केबल. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन या माणसाने १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिच्याकडे बघून सगळ्यांना वाटतं की काम आतली तार करते, कारण ओढली जाते ती तीच. पण आतली तार वाकड्यातिकड्या वाटेने ओढ पोचवू शकते ती केवळ बाहेरचं आवरण दोन्ही टोकांना पक्कं बसलेलं असल्यामुळे. तार जितक्या जोराने ओढली जाते, तितकाच जोर ते आवरण उलट दिशेने सोसत असतं. आवरणाचं एक टोक क्लिपमधून निसटलं की तार ओढताना आवरणही वळणातून सरळ होत तिच्याबरोबर हलतं, आणि मुठीवर खर्च केलेली सगळी ताकद वाटेतच जिरते. खटक्यापर्यंत काहीच पोचत नाही. खटक्याशेजारची क्लिप सैल झाली होती, एवढंच.

हे समजल्यावर मी बराच वेळ त्या क्लिपकडे बघत राहिले, आणि मला मामी आठवली. मामा अँबॅसडर चालवत तेव्हा मामी घरी असे. तिने आयुष्यात कुठे प्रवास केला असं मला आठवत नाही. मामांच्या घाटांच्या गोष्टी आम्ही तोंडपाठ केल्या होत्या. कोणत्या वेळी गाडी परत आली तरी चुलीवर पाणी तापत असायचं, आणि मामा ते पाणी अंगावर घेऊनच बोलायला लागत. त्या गोष्टी आमच्यापर्यंत येत होत्या त्या कशाच्या आधाराने, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. हलणाऱ्या माणसाकडे आपलं लक्ष जातं. मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे तिला सांगायला मला आवडलं असतं, पण ती म्हणाली असती, “काहीतरीच तुझं,” आणि उठून कामाला लागली असती.

काकांनी तारेसकट सगळं नवीन आणलं. या गाडीचे भाग अजून मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची संस्था १९८८ पासून एमजीबीचा सबंध पत्र्याचा सांगाडासुद्धा मुळातल्या साच्यांवर नव्याने काढते आहे. खुंटी, खटका, आकडा, सगळं पुसून पुन्हा वंगण लावलं. क्लिप घट्ट झाली. आणि मग त्यांनी जादा तार टाकली. सरकत्या पट्टीला पातळ पोलादी तारेचा एक तुकडा जोडला आणि तो खालून कुठेतरी बाहेर काढला. टोकाला छोटा फास. नेहमीची तार पुन्हा रुसली तर त्या फासात बोट घालून ओढायचं, की बॉनेट मोकळं. जुन्या इंग्रजी गाड्या ठेवणारे बरेच लोक हे करतात, आणि फास नेमका कुठे आहे हे कुणी कुणाला सांगत नाही. बाहेरून बॉनेट उघडायची वाट म्हणजे चोरालाही वाट.

मला हिरकणी आठवली. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, खाली घरी तान्हं मूल, आणि ती गवळण अंधारात कड्यावरून उतरून गेली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला, अशी गोष्ट आपण सगळे ऐकत आलो आहोत. लहानपणी मला ती फक्त तिच्या धाडसाची गोष्ट वाटायची. आता वाटतं, त्यात गडाचंही काही आहे. जिथून एक आई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो, म्हणून ती वाट बुजवणं भाग होतं. गडाला ते शोभलंच. पण त्यानंतर एखाद्या संध्याकाळी दुसरी कुणी वर अडकली असेल तर तिने काय केलं असेल? वाट सापडल्यावर तिचं काय करायचं, हा प्रश्न वाट शोधण्याहून अवघड असावा. काकांनी बुरूज बांधला नाही. त्यांनी वाट ठेवली आणि झाकली.

तो फास कुठे आहे ते मला माहीत आहे, कारण तार ओढून घेताना खाली मीच होते. काकूंना माहीत नाही. त्यांना त्यात रस नाही. मुलगा लांब राहतो, त्याची ओढ सायकलींकडे. गाडी कधीतरी दुसऱ्याकडे जाणार, हे काका मोकळेपणाने बोलतात. ते बोलताना त्यांचा आवाज बदलत नाही. इथे गाडीचा नोंदणीचा कागद असतो, त्यावर रंग असतो, इंजिनाचा नंबर असतो, गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याचं नाव असतं. फासासाठी रकाना नसतो.

माझं म्हणणं, लिहून ठेवा. गाडीच्या मूळ छापील हस्तपुस्तिकेत बॉनेटच्या पानावर, समासात, पेन्सिलीने दोन ओळी. काकांना ते पटत नाही. पुस्तिका गाडीतच असते, आणि जे गाडीत लिहिलेलं असतं ते गाडीत शिरलेल्या कुणालाही वाचता येतं. शिवाय त्यांना वाटतं, जो माणूस ही गाडी घेईल तो कधी ना कधी तिच्याखाली आडवा पडेलच, आणि बोटांनी चाचपत गेला की त्याला फास लागेल. मी म्हटलं, तो पडणारा माणूस नसला तर? हल्ली गाड्या ट्रकवर चढवून दुरुस्तीला नेतात. आणि दुरुस्ती करणारा घाईत असला, तर तो बॉनेटला पहार लावेल, आणि ॲल्युमिनियम पहिल्या फटक्यालाच दुमडेल. त्यावर ते गप्प झाले. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. थोड्या वेळाने म्हणाले की तोंडी सांगितलेलं जास्त टिकतं; कारखान्यात त्यांना कुणी काही लिहून दिलं नव्हतं, शेजारच्या माणसाने हात धरून दाखवलं होतं.

आमची मुलगी हे सगळं कुंपणावर बसून ऐकत होती. तिचे हात माझ्याहून बारीक आहेत. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अजून हो म्हटलेलं नाही. दुसऱ्याच्या वस्तूचं गुपित मुलीला सांभाळायला देणं म्हणजे तिच्या वर्षांवर हक्क सांगणं, असं मला वाटतं; ती कुठे राहील, कुठे शिकेल, गाडी कुणाकडे असेल, काही माहीत नसताना. काकांच्या मते यात एवढा विचार करण्यासारखं काही नाही, मुलांना अशा गोष्टी आवडतात. तेही खरं आहे. ऑक्टोबरात ते गाडी झाकून ठेवतात, मग मार्चपर्यंत गॅरेजचं दार फारसं उघडत नाही. पेन्सिलीच्या दोन ओळी की मुलीचा हात, हे त्याआधी ठरवायचं आहे, आणि तोवर दर रविवारी आमचा हा वाद कुंपणावर चालू आहे.